पॅकहाऊसच्या स्विचवर व्हीलॅन बनवले, तरी सगळे एकमेकांना दिसतातच!

तापीकाठ | शुक्रवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक वेळा नुसता वाचतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

सावद्याजवळ आमचं केळीचं पॅकहाऊस आहे, चार रायपनिंग रूम (केळी पिकवायच्या खोल्या). ऑफिसात तीन कॉम्प्युटर (टॅली, बिलं, गाडीचे कागद), एक प्रिंटर, चौदा कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर आणि दोन वायफाय. रूमचं तापमान सांभाळणारे चार कंट्रोलरही नेटवर्कवरच आहेत. हे सगळं इंटरनेटवाल्याने दिलेल्या एकाच डब्यावर, सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे.

त्रास सुरू झाला तो दिल्लीच्या गाड्या लागल्यापासून. ड्रायव्हर लोक रात्री वायफाय मागतात, आपण देतो. त्यानंतर दोन नंबरच्या रूमचं तापमान ऑफिसच्या स्क्रीनवरून अधूनमधून गायब व्हायला लागलं. कंट्रोलर आपलं काम करत असतो, पण आकडा दिसत नाही आणि अलार्मचा मेसेजही येत नाही. रूम १६ ते १८ डिग्रीत राहिली पाहिजे. तेराच्या खाली गेली तर साल काळपट पडते आणि माल पिवळाधमक होतच नाही. म्हणजे रात्रभर मीच बॅटरी घेऊन रूमच्या चकरा मारायच्या.

कोणीतरी म्हणालं व्हीलॅन कर, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळ्या जाळ्या होतील. सोळा पोर्टचा मॅनेज्ड स्विच (ज्याचं सेटिंगचं पान कॉम्प्युटरवर उघडतं) आणला. ऑफिसला १०, कॅमेऱ्यांना २०, कंट्रोलरला ३०, पाहुण्यांना ४० असे व्हीलॅन बनवले. पहिल्या वेळी माझा पोर्ट व्हीलॅन १ मधून काढून १० मध्ये टाकला, अप्लाय दाबलं, आणि स्विचचं पानच उघडेना. सुई घेऊन रिसेट केला.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो, १ मधून कोणालाच काढलं नाही, फक्त नवे व्हीलॅन वरून जोडले. आता सगळं चालतं, पण इतकं चालतं की पाहुण्यांच्या वायफायवरून कंट्रोलरचं लॉगिन पान उघडतंय! मग व्हीलॅन केलं कशाला?

*

हतनूर | शुक्रवार, रात्री १०:०५

भाऊ, व्हीलॅन राहू द्या बाजूला, आज रात्री आधी एक काम करा. कंट्रोलरचे पत्ते काय आहेत? आणि इंटरनेटच्या डब्यात डीएचसीपी (आपोआप पत्ते देणारा) कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतोय?

*

तापीकाठ | शुक्रवार, रात्री १०:१८

कंट्रोलर ५० ते ५३. बसवणाऱ्याने पक्के टाकून दिलेत, बदलायचा पासवर्ड त्याच्याकडेच. डीएचसीपी २ ते २५४.

*

हतनूर | शुक्रवार, रात्री १०:२४

झालं मग. डबा ड्रायव्हरच्या मोबाईलला ५१ देतो, तुमचा दोन नंबरचा कंट्रोलरही ५१. एकाच घरनंबरावर दोन बिऱ्हाडं, पोस्टमन कधी याच्याकडे जातो कधी त्याच्याकडे. डीएचसीपी १०० पासून सुरू करा, डबा आणि वायफाय एकदा बंद-चालू करा म्हणजे मोबाईल नवे पत्ते घेतील. आज झोपा.

*

बट्टीप्रेमी | शुक्रवार, रात्री १०:५१

म्हणजे रोग पत्त्याचा आणि ऑपरेशन स्विचचं. मी म्हणतो व्हीलॅन हवेतच कशाला? चार साधे स्विच आणा, कॅमेऱ्यांचा वेगळा, ऑफिसचा वेगळा. वायर ओढली की काम संपलं. आमच्या धुळ्याच्या लूमवर अठरा वर्षं असंच चालू आहे, कोणी पान उघडत नाही आणि कोणी रिसेट करत नाही.

*

रेल्वे क्वार्टर | शुक्रवार, रात्री ११:३०

बट्टीप्रेमी, लूमवर चालेल, कारण तिथे सगळं एका छताखाली असणार. यांच्याकडे ऑफिस एकीकडे आणि रूम दुसरीकडे. चार जाळ्या वेगळ्या करायच्या तर त्या मधल्या अंतरात चार वायरी ओढा. वायफायचं काय करणार? एकाच ॲक्सेस पॉइंटवरून (वायफायच्या डब्यावरून) ऑफिस आणि पाहुणे दोन्ही द्यायचे असतील तर तिथे साध्या स्विचचं काम नाही.

तापीकाठ, आता तुमचं. दोन्ही वेळा तुम्ही जे केलंत ते अर्धं बरोबर होतं. नेमकी अर्धी-अर्धी बाजू दोनदा केलीत.

मी भुसावळचा, म्हणून रेल्वेनेच सांगतो. तुमच्या केळीचा डबा सावद्याहून निघतो तेव्हा त्यावर कुठे जायचं त्याचं लेबल लागतं. मेन लाईनवर सगळ्यांचे डबे एकामागे एक धावतात, लेबलामुळे गल्लत होत नाही. दिल्लीला माल उतरला की ते लेबल घेणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

व्हीलॅनचा टॅग म्हणजे हेच लेबल. इथरनेटच्या फ्रेममध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर ४ बाइट घुसवतात. पहिल्या दोन बाइटात ८१०० ही ठरलेली खूण (हेक्समध्ये), म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की पुढे टॅग आहे. उरलेल्या १६ बिटांत ३ बिट प्राधान्याचे, १ बिट गर्दीत आधी कोणाला टाकून द्यायचं त्याचा, आणि १२ बिट व्हीलॅनच्या नंबराचे. १२ बिट म्हणजे ४०९६ आकडे. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून १ ते ४०९४ आपल्याला. १५१८ ची फ्रेम त्यामुळे १५२२ ची होते. हे मानक १९९८ चं, ८०२.१क्यू, म्हणून तुमच्या स्विचच्या पानावर तो नंबर लिहिलेला दिसतो.

आता मेख. स्विचवर दोन वेगळे प्रश्न असतात आणि दोन वेगळ्या पानांवर असतात.

बाहेर जाताना: या पोर्टमधून कोणकोणत्या व्हीलॅनचा माल बाहेर पडू शकतो, आणि लेबलासकट की लेबल काढून? हे टॅग्ड आणि अनटॅग्डचं पान.

आत येताना: या पोर्टवर लेबल नसलेला माल आला तर त्याला कोणतं लेबल चिकटवायचं? हे पीव्हीआयडीचं पान.

तुमच्या कॉम्प्युटरला टॅग बिग काही कळत नाही. तो बिनलेबलाचाच माल पाठवतो. तुम्ही पहिलं पान भरलं, दुसरं उघडलंच नाही. पीव्हीआयडी सगळीकडे १ च राहिला. म्हणजे ऑफिसचं, कॅमेऱ्याचं, ड्रायव्हरच्या मोबाईलचं, सगळ्यांचं सामान आत येताना १ चं लेबल लावून येतंय, आणि १ मध्ये तुम्ही सगळ्यांना ठेवलंच आहे. तुमचे १०, २०, ३०, ४० हे चार रिकामे फलाट आहेत. बोर्ड लागलेत, गाडी एकही येत नाही.

पहिल्या वेळी काय झालं तेही यातच आलं. स्विचचं स्वतःचं पान व्हीलॅन १ मध्ये राहतं. तुम्ही ज्या फांदीवर बसला होतात तीच कापली.

*

गिरणाई | शनिवार, सकाळी ७:१२

रेल्वे क्वार्टर, दंडवत. हे पीव्हीआयडी प्रकरण मला आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस सांगत होते, समजलं आज चहा पिताना.

*

अमळनेरी | शनिवार, सकाळी ८:०३

पहिले कागदवर नकाशा काढ भाऊ, मंग स्विचले हात लाव!

*

तापीकाठ | शनिवार, सकाळी ८:४०

डीएचसीपीचा उपाय लागू पडला, रात्रभर चारही रूम दिसल्या. हतनूर, तुमचे उपकार.

पण बट्टीप्रेमी, आता थांबायचं नाही. कंट्रोलरच्या पानाचा पासवर्ड कंपनीचा मूळचाच आहे, मॅन्युअलमध्ये छापलेला. पाहुण्यांच्या वायफायवरून कोणी गंमत म्हणून सेटिंग बदललं तर एका रूमचा माल जाईल.

रेल्वे क्वार्टर, पाहुण्यांच्या वायफायचं नाव वेगळं आणि पासवर्ड वेगळा दिला होता हो. ते पुरे नाही का?

*

रेल्वे क्वार्टर | शनिवार, सकाळी ९:१५

नाही. दार वेगळं रंगवलंत, आत गेल्यावर ओसरी तीच. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये त्या नावापुढे व्हीलॅन ४० लिहायचा. मग तो पाहुण्यांचा माल लेबल लावूनच स्विचकडे पाठवतो. त्या पोर्टवर १० अनटॅग, ४० टॅग, पीव्हीआयडी १०.

त्याहून मोठा प्रश्न: राउटर. इंटरनेटवाल्याचा डबा व्हीलॅन ओळखतो का? बहुतेक नाहीच. स्विचने चार जाळ्या तोडून दिल्या की प्रत्येक जाळीला स्वतःचं गेटवे (बाहेर जायचं दार) आणि स्वतःचा डीएचसीपी लागतो. डीएचसीपीची हाक ही आरोळी असते, व्हीलॅनच्या भिंतीबाहेर जात नाही. व्हीलॅन समजणारा छोटा राउटर घ्या. स्विच ते राउटर एकच वायर, चारही व्हीलॅन टॅग करून. तो आतल्या आत चार दारं करतो.

आणि हे लक्षात ठेवा, लोक इथेच फसतात: राउटर जोडला की तो चारही जाळ्यांत वाहतूक सुरू करून देतो, कारण तेच त्याचं काम. अडवायचं असेल तर नियम तुम्ही लिहायचे. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. कॅमेऱ्यांना इंटरनेटही नाही. ऑफिसमधून कंट्रोलरकडे जाता येईल, उलट नाही.

*

चोपडा फास्ट | शनिवार, सकाळी ११:२०

माझा प्रश्न अडाणी वाटेल. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले तर टॅली फास्ट होईल ना? सगळे तसंच सांगतात.

*

हतनूर | शनिवार, सकाळी ११:४४

व्हीलॅनने वायर रुंद होत नाही. चौदा कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस धरा, ५६ झाले. शंभरच्या पोर्टवर ते अर्ध्याहून जास्त, हजाराच्या पोर्टवर किरकोळ. टॅग लावून तो आकडा कमी होत नाही. फरक एवढाच की आरोळ्या आपापल्या घरात राहतात. आणि कॅमेरे-रेकॉर्डर एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा, नाहीतर ते ५६ चोवीस तास राउटरमधून जा-ये करतील आणि छोटा राउटर धापा टाकेल.

*

पांझराकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

कमांड लिहून काम करणाऱ्यांसाठी माझी एक जखम. तेव्हा शिरपूरला एका कॉलेजचं नेटवर्क बघायचो, नाव नको. ट्रंक पोर्टवर (ज्यातून अनेक व्हीलॅनचा माल लेबलासकट जातो) आधीच १०, २०, ५० चालू होते. ३० वाढवायचा होता. मी लिहिलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. मध्ये ‘ॲड’ लिहायचं विसरलो. त्या कमांडचा अर्थ “३० पण” नाही, “३०च” असा होतो. ऑफिस, लायब्ररी, परीक्षेची लॅब, सगळं एका एंटरमध्ये झोपलं. मी होतो धुळ्यात घरी, दुरून जोडलेला, आणि माझी स्वतःची वाटही १० मधूनच जायची. दुपारी दोनचं ऊन, मोटारसायकल, जवळपास पन्नास किलोमीटर. गेटवर प्राचार्य उभेच.

तेव्हापासून दुरून हात लावायच्या आधी ‘रिलोड इन १०’ लिहितो. चुकलं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर उठतो. बरोबर निघालं तर रिलोड रद्द करायचा आणि मगच सेव्ह.

*

बट्टीप्रेमी | शनिवार, दुपारी १२:४१

मला वाटलं होतं माझे चार साधे स्विच महाग पडतील. पेट्रोल धरलं तर स्वस्तच आहेत. ;)

*

अमळनेरी | शनिवार, दुपारी १२:५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

*

तापीकाठ | रविवार, रात्री १०:१०

राउटर आणला. रविवारी लोडिंग कमी असतं म्हणून आजच बसलो. निम्मं जमलं.

ऑफिस १९२.१६८.१० मध्ये आलं, कॅमेरे २० मध्ये, पाहुणे ४० मध्ये. कंट्रोलरचे पत्ते बदलता येत नाहीत म्हणून व्हीलॅन ३० ला जुनंच १९२.१६८.१ ठेवलं. ते ठेवलं आणि सगळीकडचं इंटरनेट बंद. ३० बंद केला की चालू. आता हे काय?

दुसरं, रूमकडे जाणारी वायर मध्ये एका साध्या पाच पोर्टच्या स्विचमधून जाते, कारण ऑफिसपासून तिथपर्यंत १३० मीटर भरतं. पलीकडे नवा आठ पोर्टचा मॅनेज्ड लावलाय. तो कधी दिसतो, कधी नाही.

*

रेल्वे क्वार्टर | रविवार, रात्री १०:३८

जे हलत नाही त्याला जुनी जागा द्यायची, हलू शकतात त्यांना उठवायचं, हे बरोबर केलंत. पण इंटरनेटवाल्याचा डबाही १९२.१६८.१ वरच बसलाय ना? तुमच्या राउटरच्या बाहेरच्या अंगणातही तेच गाव आणि आतल्या अंगणातही तेच. त्याला कळेना जायचं कुठे. डब्याच्या लॅनचा पत्ता बदला, १९२.१६८.१०० करा. मग डबा-राउटर मधली गल्ली वेगळी होईल.

साधा स्विच: तो नेमका ट्रंकच्या मधे आलाय. बरेच साधे स्विच टॅगवाली फ्रेम पुढे ढकलतात, काही टाकून देतात, आणि जे ढकलतात तेही सगळ्या व्हीलॅनची मिसळ करून. भरवसा नाही. मात्र कॅमेऱ्यांचा जो साधा पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देणारा) स्विच आहे तो खुशाल राहू द्या. त्याच्यावर सगळे कॅमेरेच आहेत, मुख्य स्विचच्या ज्या पोर्टला तो लागतो तो पोर्ट २० अनटॅग, पीव्हीआयडी २०. टोकाला साधा स्विच चालतो. मधे नको.

*

हतनूर | रविवार, रात्री १०:५५

१३० मीटरला तांब्याची वायर घालूच नका, मर्यादा १०० मीटरची. दोन शेडच्या मधे फायबर टाका. वीज पडली तर फायबरमधून ती या टोकाची त्या टोकाला जात नाही, हा फायदा वेगळाच. आणि पलीकडचा स्विच पत्र्याच्या शेडमध्ये वरती टांगलेला असेल तर खाली घ्या. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस होतात, पत्र्याखाली किती ते तुम्हाला माहीत. बिनपंख्याचे छोटे स्विच बहुतेक ४० डिग्रीपर्यंतचेच असतात, डब्यावर छापलेलं बघा. रायपनिंग रूमच्या बाहेरच्या भिंतीला, सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर. रूमच्या आत मात्र नको, तिथे नव्वद टक्के दमट.

*

तापीकाठ | बुधवार, सकाळी ६:५०

काल दिवसभर फायबरवाला होता. संध्याकाळी सातला सगळं झकास. पाहुण्यांच्या वायफायवर मोबाईल जोडून कंट्रोलरचं पान उघडून बघितलं, उघडलं नाही. इतका आनंद झाला की फोटो काढला, न उघडलेल्या पानाचा.

मग रात्री एकला लाईट गेली. यूपीएस ऑफिसात आहे, पलीकडे नाही. लाईट आली, रूमकडचा स्विच उठला तो कोरा करकरीत. एकही व्हीलॅन नाही. चारही रूम गायब. पुन्हा बॅटरी, पुन्हा चकरा.

*

गिरणाई | बुधवार, सकाळी ७:०२

सेव्ह केलं नव्हतं ना भो?

*

तापीकाठ | बुधवार, सकाळी ७:०४

अप्लाय दाबलं होतं...

*

पांझराकाठ | बुधवार, सकाळी ७:३०

अप्लाय म्हणजे पाटीवर लिहिणं, सेव्ह म्हणजे वहीत उतरवणं. काही स्विचवर सेव्ह कॉन्फिग असं वेगळं पान असतं, मेनूच्या अगदी तळाशी, कोणी बघू नये अशा जागी. ते दाबा. मग स्वतः प्लग काढून पुन्हा लावा आणि सगळं जागेवर आलं का बघा, लाईट जायची वाट बघू नका. नंतर बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टॅलीच्या बॅकअपशेजारी ठेवा.

*

तापीकाठ | शुक्रवार, रात्री ९:३०

दोन रात्री झाल्या, प्लग तीनदा काढून लावला, सगळं जागेवर. पलीकडेही छोटा यूपीएस बसवला. अमळनेरी म्हणाले तसा नकाशा शेवटी कागदावर काढला आणि स्विचच्या झाकणाला आतून चिकटवला. कोणाला उपयोग झाला तर इथेही उतरवतो.

पोर्ट १ राउटरकडे, १० २० ३० ४० चारही टॅग. पोर्ट २ ते ५ ऑफिस आणि प्रिंटर, १० अनटॅग, पीव्हीआयडी १०. पोर्ट ६ वायफाय, १० अनटॅग, ४० टॅग, पीव्हीआयडी १०. पोर्ट ७ रेकॉर्डर, पोर्ट ८ कॅमेऱ्यांचा पीओई स्विच, दोन्ही २० अनटॅग, पीव्हीआयडी २०. पोर्ट १५ फायबरने रूमकडे, २० आणि ३० टॅग (तिकडे दोन कॅमेरे आहेत), १ अनटॅग म्हणजे पलीकडच्या स्विचचं पान इथून उघडतं. पोर्ट १६ ला हात लावलेला नाही, तो व्हीलॅन १ मध्येच. लॅपटॉप तिथे लावला की कधीही आत जाता येतं. ९ ते १४ रिकामे, ते ९९ मध्ये टाकून दिले, तिकडे कोणीच राहत नाही. दुसरं वायफाय पलीकडच्या स्विचवर लावायचंय, तेव्हा १५ वर १० आणि ४० पण वाढवावे लागतील.

एकच तक्रार उरलीय. आमच्या काकांचा मोबाईल पाहुण्यांच्या वायफायवर असतो, त्यांना प्रिंटर दिसत नाही. रोज ओरडतात.

*

रेल्वे क्वार्टर | शुक्रवार, रात्री ९:५२

प्रिंटर आपली ओळख आरोळी देऊन सांगतो, ती व्हीलॅन ओलांडत नाही. त्यासाठी राउटरमध्ये दुभाष्या बसवता येतो, पण कशाला? काकांना ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड द्या. ते पाहुणे थोडेच आहेत!

१५ वर १ अनटॅग ठेवलाय तो ठीक आहे, दोन्ही टोकांना सारखाच असल्याची खात्री करा. आणि कंट्रोलरचा मूळ पासवर्ड बसवणाऱ्याकडून बदलून घ्या. भिंत बांधली म्हणून तिजोरी उघडी ठेवू नये.

*

तापीकाठ | शुक्रवार, रात्री १०:००

उद्याच फोन करतो त्याला. रेल्वे क्वार्टर, हतनूर, पांझराकाठ, तुम्ही सगळे पुढच्या रविवारी शेतात या. बामणोदची वांगी आणलीत, काड्यांवर भाजू. बट्टीप्रेमींनाही बोलावणं आहे, साधे स्विच घरी ठेवून यावं.

*

बट्टीप्रेमी | शुक्रवार, रात्री १०:०६

येतो. भरिताला व्हीलॅन नसावा एवढीच अट.

*

रेल्वे क्वार्टर | शुक्रवार, रात्री १०:११

सकाळच्या पॅसेंजरने येतो. भरितात टमाटा दिसला तर जाताना सुई घेऊन रिसेट करून जाईन.